एनएफएसवरील फोल्डर ठरावीक वेळेनंतर ‘परमिशन डिनाइड’ म्हणत असेल तर: कर्बेरॉस सेशन कीची क्रमवार तपासणी

नाशिकमध्ये सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतील ज्या डिझाइन कार्यालयांची लिनक्स वर्कस्टेशन्स मी सांभाळतो, तेथे वापरकर्त्यांचे होम फोल्डर आणि प्रकल्पांच्या फाइली मध्यवर्ती सर्व्हरवर असतात आणि त्या कर्बेरॉस या ओळख पटवणाऱ्या सुरक्षा-पद्धतीसह, एनएफएस या नेटवर्कवरून फोल्डर वापरू देणाऱ्या व्यवस्थेने जोडलेल्या असतात. या व्यवस्थेत एकच बिघाड वेगवेगळ्या वेषांत पुन्हा पुन्हा येतो. संगणक ‘परवानगी नाही’ असे सांगतो, म्हणून प्रत्येक जण फाइलच्या परवानग्या तपासू लागतो. प्रत्यक्षात परवानग्या जागच्या जागी असतात आणि ओळख पटवणारी की तेवढी संपलेली, चुकीच्या जागी ठेवलेली किंवा जुनी झालेली असते. पुढील आज्ञांची आणि संदेशांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. आज्ञा टंकताना त्या रोमन लहान अक्षरांत टंकाव्यात, उदाहरणार्थ के-लिस्ट म्हणजे klist आणि के-इनिट म्हणजे kinit.

लक्षणे

सर्वांत नेहमीचे लक्षण घड्याळाशी बांधलेले असते. सकाळी साडेआठला लॉगिन केलेल्या अभियंत्याचे दिवसभर सर्व सुरळीत चालते आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास ड्रॉइंग सेव्ह करताना ‘परमिशन डिनाइड’ किंवा ‘की हॅज एक्स्पायर्ड’ असा संदेश येतो. लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केले की तक्रार मिटते आणि दुसऱ्या दिवशी त्याच सुमारास परत येते.

याच बिघाडाचे दुसरे रूप म्हणजे रात्रभर चालण्यासाठी लावलेले सिम्युलेशन सकाळी अर्धवट थांबलेले आढळणे. तिसऱ्या रूपात, एसएसएच कीने, म्हणजे दूरच्या मशीनवर पासवर्डशिवाय शिरू देणाऱ्या किल्लीने, दुसऱ्या मशीनवर गेलेल्या वापरकर्त्याला स्वतःचेच होम फोल्डर उघडता येत नाही, मात्र पासवर्डने गेल्यास उघडते. चौथे रूप बहुधा वीज जाऊन आल्यानंतर दिसते: माउंटच होत नाही, म्हणजे सर्व्हरवरील फोल्डर मशीनला जोडलेच जात नाही, आणि ‘ॲक्सेस डिनाइड बाय सर्व्हर व्हाइल माउंटिंग’ किंवा ‘ॲन इनकरेक्ट माउंट ऑप्शन वॉज स्पेसिफाइड’ असे उत्तर मिळते. हा शेवटचा संदेश विशेष दिशाभूल करणारा आहे, कारण काल चाललेला पर्याय आज चुकीचा ठरण्याचे काही कारण नसते.

त्रुटीचा क्रमांक मिळाला तर तो टिपून ठेवावा. लिनक्समध्ये १२६ म्हणजे आवश्यक की उपलब्ध नाही, १२७ म्हणजे कीची मुदत संपली, १२८ म्हणजे की रद्द झाली, तर १३ म्हणजे केवळ परवानगी नाकारली. क्रमांक ११६, अर्थात ‘स्टेल फाइल हँडल’, हा या लेखाचा विषय नाही. त्याचा अर्थ सर्व्हरवरील ते फोल्डर हलवले किंवा काढले गेले आहे. तसेच फाइली उघडतात पण सर्व फाइलींचा मालक ‘नोबडी’ दिसतो, हा नावांच्या जुळणीचा प्रश्न आहे, कीचा नव्हे. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या आयडीमॅप या नावे जुळवणाऱ्या व्यवस्थेत डोमेन एकच आहे का ते पाहावे.

की नेमकी कोठे असते

हे समजल्याशिवाय पुढील तपासण्यांचा क्रम पटणार नाही. कर्बेरॉसमध्ये वापरकर्ता लॉगिन करतो तेव्हा केडीसी, म्हणजे किल्ल्या वाटणारा मध्यवर्ती सर्व्हर, त्याला एक मुदतबंद मुख्य तिकीट देतो. त्या तिकिटाच्या आधारे एनएफएस सर्व्हरसाठी वेगळे सेवा-तिकीट मिळते आणि त्यासोबत केवळ त्या दोघांतच वापरायची सेशन की येते. ही तिकिटे वापरकर्त्याच्या क्रेडेन्शियल कॅशमध्ये, म्हणजे तिकिटांच्या साठ्यात, राहतात. जीएसएसडी नावाची पार्श्वभूमीत चालणारी सेवा ती कॅश वाचते, सर्व्हरशी बोलणी करते आणि तयार झालेला सुरक्षा-संदर्भ लिनक्स कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, हवाली करते. यानंतर प्रत्येक विनंतीवर सही करण्याचे काम कर्नल करतो. ही पद्धत १९९७ सालच्या आरएफसी २२०३ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजात सांगितली आहे. तिसरी जागा म्हणजे मशीनची स्वतःची कीटॅब फाइल, जिच्यात कोणाच्या पासवर्डशिवाय यंत्राची ओळख पटवणाऱ्या दीर्घकालीन किल्ल्या असतात.

कॅश, कर्नल आणि कीटॅब या तीन जागांची मुदत आणि शिस्त वेगवेगळी आहे. केडिस्ट्रॉय ही आज्ञा देऊन कॅश पुसली तरी कर्नलकडील संदर्भ सेवा-तिकिटाची मुदत संपेपर्यंत जिवंत राहतो आणि फाइली उघडतच राहतात. याउलट एका ओळखीचे तिकीट टाकून दुसऱ्या ओळखीचे घेतले, तरी काही काळ सर्व्हर जुन्याच ओळखीने वागवतो. अनेकांना हे दोष वाटतात. तो रचनेचा भाग आहे. वारंवार ओळख बदलावी लागत असेल, तर जीएसएसडीला कॉन्टेक्स्ट-टाइमआउट हा पर्याय देऊन कर्नलला ठरावीक सेकंदांनी नवीन बोलणी करायला लावता येते.

तपासणीपूर्वी दोन गोष्टी टाळाव्यात

फोल्डरला सर्वांसाठी खुल्या परवानग्या, म्हणजे ७७७, देऊ नयेत. त्याने हा बिघाड जात नाही, फक्त संरक्षण जाते. दुसरे, माउंटचा सुरक्षा-पर्याय कर्बेरॉसवरून ‘सिस’वर आणून काम भागवू नये. ‘सिस’ पद्धतीत क्लायंटने सांगितलेला वापरकर्ता क्रमांक सर्व्हर मुकाट्याने खरा मानतो, त्यामुळे नेटवर्कमध्ये लॅपटॉप लावून स्वतःला कोणीही म्हणवणाऱ्याला दार उघडे राहते. तात्पुरता म्हणून केलेला हा बदल वर्षानुवर्षे तसाच राहिलेला मी पाहिला आहे. उघड्या फाइली मात्र तपासणीपूर्वी स्थानिक डिस्कवर ‘सेव्ह ॲज’ करून घ्याव्यात, कारण मुदत संपल्यावर बफरमध्ये अडकलेले लेखन वाया जाऊ शकते. कर्नल स्वतःही याची काळजी घेतो: कीच्या आयुष्यातील अखेरच्या २४० सेकंदांत तो लेखन साठवून न ठेवता लगेच सर्व्हरकडे पाठवू लागतो. संदेश येण्याच्या काही मिनिटे आधी सेव्ह करणे अचानक मंद झाले, अशी वापरकर्त्याची तक्रार असेल तर ती खोटी समजू नये.

पहिली तपासणी: तिकीट आहे का आणि किती वाजेपर्यंत

ज्या वापरकर्त्याला अडचण आहे त्याच्याच खात्यातून के-लिस्ट ही आज्ञा द्यावी. तिच्यात तिकिटाची सुरुवात, समाप्ती आणि नूतनीकरणाची शेवटची तारीख दिसते. समाप्तीची वेळ उलटून गेली असेल तर निदान झाले. ॲक्टिव्ह डिरेक्टरी या मायक्रोसॉफ्टच्या खाते-व्यवस्थेत मुख्य तिकिटाची मुदत मुळात १० तास आणि नूतनीकरणाची मर्यादा ७ दिवस असते. साडेआठ ते साडेसहा हा हिशेब तेथूनच येतो.

ही तपासणी रूट, म्हणजे सर्वाधिकारी प्रशासक खाते, वापरून करू नये. रूटच्या विनंत्या सामान्यतः मशीनच्या कीटॅबवरून जातात आणि सर्व्हर त्या यंत्राला वापरकर्त्याच्या फाइली दाखवीलच असे नाही. त्यामुळे ‘रूटलासुद्धा नकार मिळतो, म्हणजे सर्व्हरच बिघडला’ हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. सु किंवा सुडो वापरून दुसऱ्याच्या खात्यात शिरल्यानेही त्या व्यक्तीचे तिकीट आपोआप तयार होत नाही.

तिकीट संपलेले असल्यास के-इनिट देऊन पासवर्ड टाकावा, पाच-दहा सेकंद थांबावे आणि मग फोल्डर उघडून पाहावे. थांबण्याचे कारण असे की मुदत संपलेल्या ओळखीसाठी कर्नल सामान्यतः ५ सेकंदांपर्यंत नव्याने विचारणा करत नाही, आणि घाईत ‘नवे तिकीट घेऊनही चालले नाही’ असा गैरसमज होतो. या एका आज्ञेने काम सुरू झाले तर मशीन ठीक आहे. प्रश्न फक्त नूतनीकरणाचा आहे आणि त्यासाठी थेट चौथ्या तपासणीकडे जावे.

दुसरी तपासणी: घड्याळ

यालाही खर्च नाही, आणि वीज जाऊन आल्यानंतरच्या तक्रारींत मी तिकिटाच्याही आधी घड्याळ पाहतो. कर्बेरॉसमध्ये दोन यंत्रांच्या घड्याळांतील फरक साधारणपणे ३०० सेकंदांहून अधिक चालत नाही, कारण जुनी विनंती पकडून पुन्हा पाठवणाऱ्याला रोखण्यासाठी वेळेचा शिक्का हेच साधन आहे.

टाइमडेटसीटीएल ही आज्ञा स्थानिक वेळ, जागतिक वेळ आणि टाइमझोन तिन्ही दाखवते. भिंतीवरच्या घड्याळाशी फक्त स्थानिक वेळ जुळवून समाधान मानू नये. आपल्याकडे हमखास आढळणारी चूक म्हणजे टाइमझोन जागतिक वेळेवरच राहिलेला असतो आणि कोणीतरी हाताने घड्याळ भारतीय वेळेला लावलेले असते. पडद्यावर सर्व बरोबर दिसते, पण कर्बेरॉसच्या दृष्टीने ते यंत्र साडेपाच तास, म्हणजे १९,८०० सेकंद, पुढे असते. विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या मशीनवर हीच चूक आपोआप घडते, कारण विंडोज मदरबोर्डवरील घड्याळात स्थानिक वेळ ठेवते आणि लिनक्स तेथे जागतिक वेळ गृहीत धरते. दर वेळी वीज गेल्यावर तारीख काही वर्षे मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील सीआर२०३२ बटण सेल बदलावा. या लेखातील दुरुस्तीचा खरा खर्च बहुतेक वेळा एवढाच असतो.

वेळ हाताने लावण्याऐवजी क्रोनी या वेळ जुळवणाऱ्या सेवेकडे सोपवावी आणि सर्व्हर, केडीसी व क्लायंट यांचा वेळेचा स्रोत एकच ठेवावा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपली घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, जोडणे अपेक्षित आहे; तेव्हा हे काम तसेही करायचेच आहे. एक इशारा मात्र लक्षात ठेवावा: के-इनिट यशस्वी झाले म्हणजे घड्याळ बरोबर आहे असे नव्हे. एमआयटीच्या कर्बेरॉस प्रणालीत क्लायंट केडीसीच्या वेळेशी असलेला फरक स्वतःच समायोजित करून घेऊ शकतो.

तिसरी तपासणी: तिकीट आहे, पण जीएसएसडीला ते दिसते का

के-लिस्ट वैध तिकीट दाखवते आणि तरीही नकार मिळतो, अशी परिस्थिती अनुभवी माणसालाही गोंधळात टाकते. के-लिस्टच्या पहिल्या ओळीत कॅशचे ठिकाण दिलेले असते. ते नीट वाचावे. जीएसएसडी ही स्वतंत्र सेवा असल्यामुळे वापरकर्त्याच्या टर्मिनलमध्ये ठरवलेले ‘केआरबी५सीसीनेम’ (KRB5CCNAME) हे कॅशचे ठिकाण सांगणारे चल तिला कधीच दिसत नाही. ती त्या वापरकर्त्याची नेहमीची कॅश, तसेच टेम्प फोल्डर आणि रन-युजर फोल्डर येथील त्याच्या मालकीच्या कॅश फाइली पाहते. एखाद्या स्क्रिप्टने किंवा विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरने कॅश प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये अथवा केवळ त्या सत्रापुरत्या की-रिंगमध्ये (कर्नलमधील किल्ल्यांच्या साठ्यात) ठेवली, तर माणसाला तिकीट दिसते आणि सेवेला दिसत नाही. उपाय सोपा आहे: ते चल काढून टाकावे, के-इनिट पुन्हा द्यावे आणि कॅश नेहमीच्या जागी तयार झाली आहे याची खात्री करावी.

एसएसएच कीने लॉगिन केल्यावर होम फोल्डर न उघडण्याचे कारणही येथेच आहे. तेथे पासवर्ड टंकलाच जात नाही, म्हणून त्या मशीनवर तिकीट तयार होत नाही. पहिल्या मशीनवर तिकीट असेल, तर एसएसएचमध्ये जीएसएसएपीआयने, म्हणजे कर्बेरॉस तिकिटाच्या आधारे, ओळख पटवणे आणि तिकीट पुढे सोपवणे हे दोन्ही पर्याय चालू करावेत. तिकीट पुढे पाठवण्याजोगे आहे का, हे के-लिस्टला ‘एफ’ हा पर्याय देऊन कळते.

चौथी तपासणी: नूतनीकरण कोण करते

तिकिटाची मुदत संपण्यापूर्वीच त्याचे नूतनीकरण होऊ शकते. एकदा संपलेल्या तिकिटाला के-इनिटच्या ‘मोठा आर’ पर्यायानेही जीवदान मिळत नाही. एसएसएसडी ही लॉगिन हाताळणारी सेवा वापरणाऱ्या मशीनवर नूतनीकरणाचा अंतराल ठरवणारी ‘केआरबी५-रिन्यू-इंटरव्हल’ (krb5_renew_interval) ही नोंद नसेल किंवा शून्य असेल, तर स्वयंचलित नूतनीकरण बंदच असते. ही नोंद टाकावी, सोबत नूतनीकरणाची एकूण मुदतही ‘केआरबी५-रिन्यूएबल-लाइफटाइम’ (krb5_renewable_lifetime) या नोंदीत मागावी आणि के-लिस्टमध्ये ‘रिन्यू अंटिल’ ही ओळ दिसते का ते पाहावे. ती ओळ नसेल तर नूतनीकरणयोग्य तिकीट मुळात मिळालेलेच नाही.

येथे एक गमतीचा अनुभव येतो. जेवणाला जाताना स्क्रीन लॉक करणाऱ्यांची तक्रार सहसा येत नाही, कारण परत येऊन पासवर्ड टाकताच एसएसएसडी नवीन तिकीट मिळवते. तक्रार करणारे बहुधा स्क्रीन उघडीच ठेवून जाणारे असतात. ‘याच्या मशीनवर होते, त्याच्या मशीनवर होत नाही’ या कोड्याचे उत्तर अनेकदा हार्डवेअरमध्ये नसून या सवयीत असते.

रात्रभर चालणाऱ्या कामांसाठी के-रिन्यू ही आज्ञा उपयोगी आहे. ती दिलेला प्रोग्राम चालवते आणि तो संपेपर्यंत तिकिटाचे नूतनीकरण करत राहते. सात दिवसांच्या मर्यादेपलीकडे जाणाऱ्या किंवा क्रॉन या वेळापत्रकाप्रमाणे कामे सुरू करणाऱ्या सेवेतून माणसाविना सुरू होणाऱ्या कामांसाठी वेगळे सेवा-खाते आणि त्याची कीटॅब लागते, आणि तेव्हा कीटॅबवरून तिकीट घेणारे के५स्टार्ट किंवा जीएसएस-प्रॉक्सी वापरावे. अभियंत्याचा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून के-इनिटला पुरवण्याचा मार्ग कोणीही सुचवला तरी स्वीकारू नये.

पाचवी तपासणी: सेवा चालू आहे का, कीटॅब आहे का

येथून पुढे रूटचे अधिकार लागतात. सिस्टमसीटीएल या आज्ञेने आरपीसी-जीएसएसडीची, म्हणजे वर सांगितलेल्या जीएसएसडी सेवेची, स्थिती पाहावी. अनेक वितरणांत या सेवेला अशी अट घातलेली असते की कीटॅब फाइल अस्तित्वात नसेल तर सेवा सुरूच होऊ नये; ती अपयशी झाल्याचा गाजावाजाही होत नाही. मग माउंट करताना ‘इनकरेक्ट माउंट ऑप्शन’ असा असंबद्ध संदेश येतो. कीटॅब असल्यास के-लिस्टला ‘के’ पर्याय देऊन आतील नोंदी पाहाव्यात: मशीनचे नाव बरोबर आहे का, आणि फाइल वाचण्याचा अधिकार केवळ रूटला आहे का. अधिक माहिती हवी असल्यास जीएसएसडीची व्हर्बॉसिटी (नोंदींचा तपशील) वाढवून जर्नल, म्हणजे प्रणालीची नोंदवही, वाचावे. बहुतेक वेळा कोणती नोंद शोधली आणि ती का सापडली नाही, हे तेथे स्पष्ट लिहिलेले असते.

सहावी तपासणी: नाव

कर्बेरॉस यंत्राला पत्त्याने नव्हे, नावाने ओळखतो. माउंटमध्ये आयपी पत्ता किंवा अर्धे नाव लिहिले असेल तर पूर्ण डोमेननाव लिहावे. सर्व्हरचे नाव पत्त्याकडे आणि पत्ता पुन्हा त्याच नावाकडे नेतो का, हे तपासावे. होस्ट फाइलमध्ये, म्हणजे मशीनवरील नावे आणि पत्त्यांच्या यादीत, राहून गेलेली जुनी ओळ हे येथील नेहमीचे कारण असते.

सातवी तपासणी: कीची आवृत्ती

वरील सर्व ठीक असूनही, विशेषतः महिन्याभराच्या अंतराने बिघाड परतत असेल, तर कीटॅबमधील की जुनी झाल्याची शंका घ्यावी. वैध तिकीट असलेल्या वापरकर्त्याने केव्हीएनओ ही आज्ञा सर्व्हरच्या एनएफएस सेवेच्या नावासह द्यावी. मिळालेला आवृत्ती क्रमांक सर्व्हरच्या कीटॅबमध्ये असलाच पाहिजे. नसेल तर केडीसी नव्या किल्लीने तिकीट बंद करत आहे आणि सर्व्हर ते जुन्या किल्लीने उघडू पाहत आहे.

हे दोन प्रकारे घडते. एमआयटी कर्बेरॉसमध्ये के-ॲडमिन या व्यवस्थापनाच्या आज्ञेतून कीटॅब पुन्हा काढली की सामान्यतः नवीन यादृच्छिक की तयार होते आणि आधी दिलेल्या सर्व प्रती निरुपयोगी ठरतात. ‘फक्त एक प्रत हवी’ म्हणून केलेले काम चालू सर्व्हर बंद पाडते. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत मशीन खात्याचा पासवर्ड मुळात ३० दिवसांनी बदलला जातो. व्हर्च्युअल मशीनची नक्कल करून दोन यंत्रे एकाच खात्यावर चालवली, किंवा जुना स्नॅपशॉट परत आणला, की एका यंत्राकडे नवी की आणि दुसऱ्याकडे जुनी, अशी स्थिती होते. नक्कल केलेल्या प्रत्येक मशीनला नव्या नावाने डोमेनमध्ये स्वतंत्रपणे सामील करणे हाच कायमचा उपाय आहे.

सिस्टम अद्ययावत केल्याच्या दुसऱ्या दिवशी बिघाड सुरू झाला असेल तर सांकेतिकीकरणाचा प्रकारही पाहावा. के-लिस्टचा ‘ई’ पर्याय तो दाखवतो. एमआयटी कर्बेरॉस १.१८ मधून सिंगल डीईएस हा जुना प्रकार काढून टाकला गेला आहे, आणि आरसी४ हा प्रकार २०१८ च्या आरएफसी ८४२९ ने कालबाह्य ठरवला आहे. जुन्या स्टोरेज उपकरणाकडे एईएस या मजबूत प्रकारच्या किल्ल्या नसतील तर नव्या क्लायंटशी त्याचे जुळणार नाही. अशा वेळी दुबळे प्रकार पुन्हा चालू करण्यापेक्षा उपकरणाच्या खात्याला एईएसच्या किल्ल्या देऊन घ्याव्यात.

कोठे थांबावे

एकाच मशीनवर बिघाड असेल तर सहाव्या तपासणीपर्यंत कार्यालयातील जाणकार माणसाने जाण्यास हरकत नाही. अनेक मशीन्स एकाच वेळी बंद पडली असतील, तर क्लायंटला हात न लावता सर्व्हर आणि केडीसी सांभाळणाऱ्या व्यावसायिकाला बोलवावे. सातव्या तपासणीतील क्रमांक पाहणे सुरक्षित आहे; क्रमांक जुळले नाहीत तर कीटॅब स्वतः नव्याने काढू नये, कारण त्या एका आज्ञेने चालू असलेली इतर यंत्रेही बंद होऊ शकतात. कीटॅब फाइल इतरांना वाचता येत होती, ती ईमेलने पाठवली गेली होती, किंवा एखाद्याच्या खात्यात दुसऱ्याच व्यक्तीचे तिकीट आढळले, तर हा दुरुस्तीचा नव्हे तर सुरक्षेचा विषय आहे. ते मशीन नेटवर्कपासून वेगळे करावे, काहीही पुसू नये आणि त्याच दिवशी जबाबदार प्रशासकाला कळवावे.

बोलावलेल्या व्यावसायिकाला पुढील माहिती लिहून द्यावी: बिघाडाची नेमकी वेळ, त्रुटीचा पूर्ण संदेश, वापरकर्त्याच्या खात्यातील के-लिस्टचे उत्तर, टाइमडेटसीटीएलचे उत्तर, माउंटची ओळ आणि त्या वेळेच्या आसपासची जीएसएसडीची जर्नल नोंद. कीटॅब फाइल स्वतः मात्र कोणालाही, कितीही ओळखीच्या तंत्रज्ञाला, पाठवू नये. निदानासाठी तिच्यातील नावे आणि आवृत्ती क्रमांक पुरेसे असतात.